चिकटपट्टीखालचा अंगठा

आज अफझलगंजला जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेले होते. सोबत आमच्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, निजाम सरकारातल्या नोकरीचा उर्दू हुकूम होता. हैदराबाद भारतात आलं तेव्हा अण्णांनी तो फाडून टाकला होता. रागाने की भीतीने, ते कुणालाच माहीत नाही. पुढे कधीतरी तो पारदर्शक चिकटपट्टीने जोडला गेला. "माझ्या आईनेच जोडला असणार," असं बाबा आजवर म्हणायचे.

ती पट्टी आता पार पिवळी पडलीय. चाचांनी भिंग धरलं. "देखो अम्मा, गोंद में किसी का अंगूठा है. बीच में कट का निशान भी है."

मी लगेच फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, "अडकित्त्याने कापलं होतं. हा अण्णांचाच अंगठा."

म्हणजे ज्यांनी फाडला त्यांनीच तो गुपचूप जोडलाही होता.

चाचा म्हणतात, पट्टी ठेवली तर कागद खराब होत जाईल, आणि काढली तर अंगठा जाईल.

मी कागद तसाच घरी आणलाय. तुम्ही काय केलं असतं?