बायच्या खिडक्या

"बसायला नाही आले मी," असं म्हणतच ती आमच्या घरात शिरायची. खुर्ची पुढे केली, तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. बोलता बोलता टेबलावरचे तांदूळ निवडून टाकायची, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची. चहा उभ्यानेच. तो संपायच्या आत "निघते गं, कामं पडलीत!"

कामं कुठे होती? तीच तर अडचण होती.

आळीतले सगळे तिला बाय म्हणत. आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. कुवेतच्या इस्पितळात उभं आयुष्य नर्सची नोकरी करून ती वसईला परतली, तेव्हा आईवडील गेले होते. लग्न तिने केलंच नव्हतं. घरात धाकटा भाऊ आणि वहिनी. दोघांनी तिला वरची, वाऱ्याची खोली दिली. पण रिकाम्या दुपारचं काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आली की ती पार जूचंद्रपर्यंत चालत जायची आणि नव्या इमारती मोजल्यासारख्या बघून परत यायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात असतात, पण चपला पायातच असल्यासारखी.

त्या वर्षी भावाने ठरवलं, नाताळच्या आधी लाकडी खिडक्या काढायच्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या. खिडक्यांवर ऑइलपेंटचे इतके थर होते की झडपा मिटतच नसत.

"लाकूड चांगलंय. वरचा रंग तेवढा आजारी आहे," बाय म्हणाली. "मला करू दे."

भाऊ हसला. बाय दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून हातात धरायचं, रंग घासून काढणारं चकतीचं सँडर घेऊन आली. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, डोक्याला घट्ट फडकं. आम्ही बायका कुंपणावरून बघत होतो. "पेशंट भुलीखाली आहे," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पहिल्याच झडपेवर मशीनने नखाएवढे अर्धचंद्र उमटवले. चकतीची कड रुतत होती. शेजारचा सुतार धावत आला. "बाय, दाबू नका. सपाट धरा आणि फिरती ठेवा. एका जागी थांबली की खड्डा पाडते."

"थांबायचं नाही ना? मग जमेल मला!"

जमलं, पण हळूहळू. आधी जाड चकती, मग बारीक. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, ती सुकली की पुन्हा घासायचं. रंग निघत गेला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा हिरवा. वारा फिरला की ती भुकटी वहिनीच्या वाळत घातलेल्या सुकटीवर बसायची. वहिनीने ती सगळी सुकट टाकून दिली आणि दोन दिवस अबोला धरला. बायने लांब वायर ओढून मुक्काम केळीच्या वाडीत हलवला. आता आवाज अख्ख्या आळीला. दुपारची झोप गेलेल्या म्हाताऱ्यांनी भावाकडे तक्रार केली. भाऊ बिचारा सगळ्यांपुढे मान हलवत राहिला.

आणि एक दिवस चकती फाटली. मशीन उसळलं आणि डाव्या मनगटाच्या वर तिला चांगलंच लागलं. मी पोहोचले तेव्हा ती दात आणि उजवा हात वापरून स्वतःच पट्टी बांधत होती. भावाने रक्त पाहिलं, प्लग खेचून काढला आणि ओरडला, "कोणी सांगितलंय तुला हे? तुझं इथे काय काम आहे, बाय?"

त्याला म्हणायचं होतं, आता तू आराम कर. मी त्याला लहानपणापासून ओळखते, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. पण वाक्य तसं बाहेर पडलं नाही.

बायने वायर गुंडाळली. "खरंय तुझं," एवढंच म्हणाली.

जखम सुकल्यावर तिने काम पुन्हा सुरू केलं. या वेळी कुणी अडवलं नाही. तिचे विनोद मात्र बंद झाले होते. प्रायमर लागला, दोन हात हिरवा रंग लागला, झडपा चौकटीत बसल्या. बोटाने ढकलल्या तरी मिटत होत्या. भावाने ॲल्युमिनियमवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं. नाताळला आलेला प्रत्येक पाहुणा आधी खिडक्यांविषयी बोलला. वहिनीनेच मोठ्या आवाजात सांगितलं, "आमच्या बायने केल्यात." मला वाटलं, मिटलं.

नव्या वर्षात बायने बॅग भरली. चांदीपच्या पुढे म्हाताऱ्या माणसांसाठी सिस्टरांचा आश्रम आहे, तिथे नर्स हवी होती. रिक्षापाशी भाऊ विचारत होता, "काय कमी होतं तुला इथे?"

"काहीच नाही रे. म्हणूनच," ती म्हणाली. मशीन तिने मांडीवर घेतलं होतं.

काही आठवड्यांनी भाऊ माझ्याकडे आला. बराच वेळ नारळाच्या भावाविषयी बोलला. मग म्हणाला, "तुला फोन करते ना ती? मी केला की 'ठीक आहे' म्हणते आणि ठेवते."

मी लगेच तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "इथल्या खाटांचा रंग पार उडालाय गं," ती पलीकडून उत्साहाने सांगत होती. "लोखंडाला चकती वेगळी लागते. आज्यांना अंगणात बसवलंय आणि..."

भाऊ फोनवर वाकला. "बाय, रविवारी जेवायला ये. तू नसलीस की घरात..."

पलीकडे मशीन सुरू झालं. "ऐकू येत नाही गं, नंतर करते!" फोन कट झाला.

"ऐकलं असेल तिने?" भावाने विचारलं.

त्याने माझा फोन उचलला, कानाला लावला आणि त्या बंद फोनमध्ये हळूच म्हणाला, "रविवारी ये गं."