वहीतली सैल पिन

“फॉल्ट गेलो म्हण सांगूं नाका, पात्रांव. कित्याक आयिल्लो तें सांग.”

फॉल्ट गेला म्हणून सांगू नकोस, का आला ते सांग. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गोव्यातल्या डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मला लागून आठच दिवस झाले होते. बंद पडलेलं यंत्र मी सुरू करून दाखवलं होतं आणि कोणीतरी शाबासकी देईल म्हणून हात पुसत इकडेतिकडे बघत होतो. समोर हे गृहस्थ उभे. चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर आणि चेहऱ्यावर कौतुकाचा मागमूस नाही. मी म्हटलं, “रिले जळला होता. बदलला.” त्यांनी ते वाक्य ऐकवलं आणि विचारलं, “जळलो कित्याक?” मला माहीत नव्हतं. “मागीर फाल्यां परत जळटलो,” म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत जळला.

पात्रांव म्हणजे मालक. गोव्यात हा शब्द खऱ्या मालकापेक्षा चिडवायच्या माणसालाच जास्त वापरतात. मी कोल्हापूरकडचा, डिप्लोमा झालेला, आणि तो झाल्याचं चारचौघांत सांगत फिरणारा. ते पेडणे तालुक्यातले, मोपाच्या पठाराखालच्या एका गावातले. रोज मोटरसायकलवरून यायचे, तेवढंच अंतर परत जायचे. कारखान्यात सगळे त्यांना ‘मेस्त’ म्हणत. तिकडे हा मान बहुतेक सुताराला मिळतो. आमचे मेस्त विजेचे होते.

त्यांची फॉल्ट शोधायची रीत तुम्ही पाहिली असती तर तुम्हालाही माझ्यासारखाच राग आला असता. यंत्र बंद पडलं की मी मीटर घेऊन पॅनेलकडे धावायचो. मेस्त स्टूल ओढून यंत्र चालवणाऱ्या माणसाजवळ बसायचे. “यंत्र उलयना रे. पूण ताचेकडेन जो आठ वरां उबो रावता, तो उलयता.” यंत्र बोलत नाही, त्याच्यापाशी आठ तास उभा राहणारा बोलतो, हा त्यांचा हिशेब. मग काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत काय बदललं, हा ठरलेला प्रश्न विचारायचे, “काल सांजेसावन आज सकाळमेरेन कितें बदललें?”

एकदा एक यंत्र रोज दुपारी थोडा वेळ थांबायचं आणि आपोआप सुरू व्हायचं. मी तीन दिवस वायरी तपासल्या. मेस्तांनी ते चालवणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “झाडां दाटल्यांत म्हूण ती फांदी तोडली न्हय, तेन्नासावन.” खिडकीबाहेरची फांदी तोडल्यापासून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं आणि पाकिटं मोजणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यावर पडत होतं. मेस्तांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा खिडकीला सुतळीने बांधला. माझ्याकडे पाहून फक्त भुवया उडवल्या. तो पुठ्ठा अजून तिथे आहे.

आमच्याकडे काजूच्या पाकिटांसाठी छापील प्लास्टिक कापून पिशव्या करणारं एक म्हातारं यंत्र होतं. क्लच, कॅम, साखळ्या, सगळं खडखडत चालायचं. ते सगळं काढून त्याच सांगाड्यावर नेमक्या मापाला थांबणारी सर्व्हो मोटर आणि नवं कंट्रोल बसवायचं ठरलं. प्रोग्राम माझा, वायरिंग मेस्तांचं. मोटर किती फिरली हे मोजून सांगणारा एन्कोडर नावाचा भाग असतो. त्याच्या वायरी केसासारख्या बारीक. प्रत्येक वायरीच्या टोकाला पिन दाबून बसवायची आणि मग ती कनेक्टरमध्ये सरकवायची. मेस्त हे काम खिडकीशी बसून, भिंग लावून करत. त्यांना गर्व असा एकाच गोष्टीचा होता, आपल्या हाताचा. शेजारच्या कारखान्यातले लोक त्यांचं पॅनेल बघायला येत तेव्हा ते दार उघडून बाजूला उभे राहायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

यंत्र पहिल्याच दिवशी सुरेख चाललं. पंधरवड्याने खंडेनवमी आली.

खंडेनवमीला यंत्रं धुऊन-पुसून झेंडूचे हार घालायचे आणि प्रत्येक यंत्राच्या पायाशी मेस्तांनी नारळ फोडायचा, ही तिथली रीत मी येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. त्या वर्षी मॅनेजरसाहेब अडून बसले. नव्या यंत्रावर पाणी नको, हळदकुंकू नको. मेस्तांनी त्यांना समजावलं. कंट्रोलच्या पेटीला स्वतः प्लास्टिक गुंडाळलं, वर दोरी बांधली. “हांव पांयांकडेन फोडटां सायबा, पेटयेकडेन न्हय,” म्हणाले. शेवटी साहेबांनी मान डोलावली, पण बजावलंच, “काही झालं तर पुढच्या वर्षापासून पूजा बंद.” मेस्तांनी दरवर्षीच्याच लोखंडी कोपऱ्यावर नारळ फोडला. एका घावात दोन शकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि खोबरं खाल्लं.

दसरा झाल्यावर यंत्र चुकायला लागलं. सकाळी सुरू केलं की कापायची जागा सरकायची. पिशवीवरचा काजू मधोमध कापला जायचा, अर्धा या पिशवीवर, अर्धा त्या पिशवीवर. ऊन वर आलं की आपोआप ताळ्यावर. पडद्यावर एन्कोडरची चूक असल्याचं दिसायचं. मी मोटरच्या आणि एन्कोडरच्या केबल वेगळ्या केल्या. अर्थिंग नव्याने केलं. कंट्रोल बदलून पाहिलं. आठवडा गेला. मेस्त प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत फिरत होते, “कितें बदललें?” सगळे म्हणत, काहीच नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. दरवर्षी होणाऱ्या पूजेला ‘बदल’ कोण म्हणेल? मेस्त स्वतःही म्हणाले नाहीत.

एका दुपारी ते जेवायला गेले असताना मला यंत्राच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसली. रांग लोखंडी कोपऱ्यावरून चढून थेट मोटरच्या कनेक्टरमध्ये शिरत होती. यंत्र जुनं होतं तेव्हा त्या पायाशी काहीच नव्हतं. नव्या मोटरचा कनेक्टर मात्र आम्ही नेमका तिथे आणून ठेवला होता. मी तो उघडला. आत चिकट पांढुरका थर आणि आंबूस वास. नारळाचं पाणी आत गेलं होतं. सकाळच्या दमट हवेत ते ओलं व्हायचं आणि पिना एकमेकींशी बोलायला लागायच्या; यंत्र तापलं की थर सुकायचा.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. हे सांगितलं तर पूजा बंद होणार. ज्या माणसाने ती साहेबांकडून मागून घेतली, त्याच्याच हातून हे झालं म्हणून चारचौघांत त्याची शोभा होणार. मी कनेक्टर स्पिरिटने धुतला, वाळवला, बसवला. यंत्र चाललं. मग फॉल्टच्या वहीत लिहिलं: ‘कनेक्टरमधील एक पिन सैल होती. दुरुस्त केली.’ लिहिताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं. बघा, माणसाला किती हुशारीने वाचवलं!

त्या पिना कोणी बसवल्या होत्या, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आजवर कोणी मला मूर्ख म्हटलं तर मी वाद घालत आलो आहे. त्या दुपारपुरता घालणार नाही.

मेस्त आले, वही वाचली. चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचली.

“खंयची पिन?”

“ती... पाचवी. मेस्त, अहो, होतं कधीतरी.”

“दाखय.”

“टाकून दिली.”

मी वाट बघत होतो की आता ते विचारतील, सैल जाली कित्याक? विचारलं असतं तर मी दोन मिनिटंही तग धरला नसता. पण त्यांनी विचारलं नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मेस्त कारखान्यातला एकेक कनेक्टर उघडायला लागले. स्वतः बसवलेली प्रत्येक पिन तपासायची. सगळं ठीक निघायचं, तरी समाधान नाही. नवीन पिन बसवली की ती बघायला मला हाक मारायचे, “इल्लें पळय रे. बरें बसलां मरे?” त्यांनी मला असं विचारावं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. महिन्याभराने त्यांनी पिना दाबायचं हत्यार माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हें आतां तूंच कर. म्हजो हात गेलो.”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी उद्यावर ढकललं. आधी पूजेची भीती होती, मग वहीत खोटं लिहिल्याची लाज आडवी आली, आणि लाज दिवसागणिक वाढत गेली. निवृत्तीला दोन वर्षं असताना मेस्तांनी काम सोडलं. साहेबांना सांगितलं, डोळे साथ देत नाहीत. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुवें तें सांबाळून बरयलें रे वहयेंत. दुसरो आसलो जाल्यार म्हजें नांव घालतलो.” वहीत त्यांचं नाव लिहिलं नाही, या माझ्या उपकाराखाली तो माणूस घरी गेला.

पेडण्याला जायचं मी चार वेळा ठरवलं. पाचव्यांदा गेलो तो मेस्त गेल्याचं कळल्यावर, बाराव्यानंतर. छातीत दुखलं आणि म्हापशाला नेईपर्यंत संपलं, असं कळलं होतं.

घर कौलारू, पुढे काजूची दोन झाडं, वरून विमानाची घरघर. त्यांच्या पत्नी सोप्यावर बसल्या होत्या. मी कारखान्यातला म्हटल्यावर त्या आत जाऊन बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आल्या आणि न्यायला म्हणून माझ्यापुढे ठेवला. “पुता, हें तुमच्या फाब्रिकांत कोणाच्या उपेगाक पडटलें जाल्यार व्हर.”

डब्यात वायरीचे तुकडे होते. बोटभर लांबीचे, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या टोकाला पिन बसवलेली.

“म्हापशाक वचून नवें हत्यार हाडलें तांणीं. दिसान दीस हांगा बसून हेंच. एक बसयताले, वोडून पळयताले, डब्यांत उडयताले. जेवपाक उलो मारलो जाल्यार म्हणटाले, राव गो, अजून कळूंक ना खंय चुकता तें.”

आपला हात कुठे चुकतो ते मेस्त घरी बसून शोधत होते. मी एक तुकडा उचलून पिन ओढली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. बोटं लाल झाली. त्या पिना जागच्या हलतही नव्हत्या.

मग मी सांगितलं. मुंग्या, नारळाचं पाणी, मी धुतलेला कनेक्टर, वहीतली ओळ, सगळं. वर मान करायची हिंमत नव्हती. शिव्या येतील असं वाटलं होतं, आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“तांकां हें सांगिल्लें तुवें?”

“नाही.”

त्यांनी आत तोंड करून सुनेला हाक मारली. “आयकलें गो? पिन सुटूंक नासली. नारलाचें उदक भितर गेल्लें.” सून दारात आली. तिला त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्याकडे एकदाही न बघता. सुनेने मला पाणी आणून दिलं.

मी उठलो, नमस्कार केला. डबा उचलायचा धीर झाला नाही. पायऱ्या उतरून मोटरसायकलला किक मारत होतो तेव्हा त्या पदर सावरत अंगणाच्या कडेपर्यंत आल्या होत्या. माझ्यासाठी नव्हे. पलीकडच्या शेतात एक बाई वाकून काम करत होती, तिला त्या मोठ्याने हाक मारत होत्या.

“आयकता मगे? तांचो हात बरो आसलो! शेवटामेरेन बरो आसलो!”