पितरांशी बोलणारा युआन खुई

फन नदीकाठच्या लो घराण्यात पितरांशी बोलायचं काम युआन खुईकडे होतं, तसं ते त्याच्या बापाकडेही होतं. पितरांच्या दालनात डुक्कर कापायचं, राळ्याची दारू ओतायची आणि सध्याचे धनी किती गुणी आहेत ते मेलेल्यांना खणखणीत आवाजात सांगायचं. मेलेले उलट विचारत नाहीत, त्यामुळे नोकरी सुखाची होती. शिवाय नैवेद्याच्या मांसातला खांदा त्याच्या घरी जाई. तो खाऊन खाऊन खुईची मान दिसेनाशी झाली होती.

अडचण एकच होती, खुद्द धनी. लो पाओंमध्ये सांगण्यासारखा गुण शोधून सापडत नव्हता. ते दुपारी उठत, जेवत आणि जेवून दमले की पुन्हा झोपत. खुईनं बरेच दिवस 'धन्यांची प्रकृती उत्तम आहे' यावर भागवलं. मग एका शरदातल्या पूजेला, मागं सगळे भाऊबंद बसलेले असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "पितरहो, तुमच्या या वंशजानं ऐन तारुण्यात एका बाणात गेंडा पाडला!"

भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. धनी मात्र ताठ झाले. पूजेनंतर त्यांनी खुईला बाजूला घेतलं.

"खुई, तो गेंडा... चांगला मोठा होता ना रे?"

"डोंगर होता सरकार, डोंगर!"

"हं. मलाही तसंच आठवतंय."

घरी त्याची बायको मेंग हे ऐकून पोट धरून हसली. "अहो, तारुण्यात ते डुकरांच्या चिखलात पडले होते. माझ्याच बापानं ओढून काढलं. डुकराला काही झालं नव्हतं हो!"

"तू गप खांदा शिजव."

पुढं प्रत्येक पूजेला गेंडा वाढत गेला आणि वाढता वाढता राजाच्या कानापर्यंत पोचला. राजाला शिकारीचं वेड. त्याचा निरोप आला: दलदलीत गेंडा दिसलाय, लो पाओंनी यावं आणि हात दाखवावा.

धन्यांची आता पाचावर धारण बसेल असं खुईला वाटलं. धन्यांनी धनुष्य मागवलं.

"खुई, तू भाला घेऊन माझ्या रथात उभा राहा."

"मी? सरकार, मी कशाला?"

"वा! त्या दिवसाचं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

दलदलीत गेंडा लव्हाळ्यात उभा राहून शांतपणे चरत होता. धन्यांनी डोळे मिटले आणि बाण सोडला. तो थेट आपल्याच घोड्याच्या पुठ्ठ्यात घुसला. घोडा उधळला, सारथ्यानं लगाम ओढून घोडे आवरेपर्यंत रथ कलंडला आणि धनी चिखलात, खुईच्या हातावर पडले. हात मोडला. गेंड्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला. राजा इतका हसला की त्याला रथाचा कठडा धरावा लागला.

घरी येताच धनी गरजले, "या खोटारड्याचे पाय तोडा!"

कारभारी श्यांग खालच्या आवाजात म्हणाला, "तोडू की सरकार. पण मग आजवर आपण पितरांपुढं खोटं बोलत आलो, हेही त्यांना सांगावं लागेल. भाऊबंद ऐकायला टपलेतच. गादीवर कुणाकुणाचा डोळा आहे, ते आपल्याला ठाऊक आहेच."

धन्यांनी जेवण मागवलं. खुईचे पाय वाचले.

पुढच्या पूजेला खुई मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून उभा राहिला. "पितरहो, गेंडीण समोर होती, धनुष्य ताणलेलं होतं. पण पायाशी तिचं कोवळं पिल्लू पाहून तुमच्या वंशजानं बाण मुद्दाम दुसरीकडं सोडला!"

एका काकांना खोकल्याची उबळ आली. धन्यांचे डोळे मात्र भरून आले.

"पिल्लू..." ते पुटपुटले, "केवढंसं होतं रे!"

त्या दिवसापासून लो पाओ दयाळू म्हणून मिरवू लागले. जखमी घोडा कापून खाल्ला गेला. सारथ्याला फटके बसले, कारण कुणाला तरी बसायलाच हवे होते.

एकदा खुई मांसाची टोपली घेऊन निघाला असताना तो सारथी फाटकात भेटला. पाठ अजून चिघळलेली होती.

"खुईदादा, पितरांना माझ्याबद्दलही दोन शब्द सांगा ना. घोडे मीच आवरले होते."

"नोकरांचं पितरांना सांगत नसतात, बाबा," खुई त्याच्याकडं न बघता म्हणाला.

त्या दिवशी खुई खांदा नुसता चिवडत बसला. मेंगनं विचारलं, मीठ कमी झालंय का? त्यानं वरून मीठ घालून घेतलं. मग सगळा खांदा संपवला.