म्हसोबाच्या वाकणावरचा हात

माझ्या वडिलांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती, घाटातली आणि सपाटीवरची. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. ते ट्रक चालवत. सिल्लोडहून कापसाच्या गाठी भरून अजिंठ्याचा घाट उतरायचा, जळगावकडं माल टाकायचा आणि येताना केळी घेऊन तोच घाट चढून औरंगाबादला, शहागंजात यायचं, हा त्यांचा रस्ता. अडचणीत जो घाबरा होत नाही आणि दुसऱ्याची वाट अडवत नाही, तो घाटातला. बाकीचे सपाटीवरचे. मी त्यांचा थोरला मुलगा, गारखेड्याच्या घरात खिडकीशी पुस्तक घेऊन बसणारा. माझ्याविषयी ते पाहुण्यांना सांगत, "पोरगं हुशार हाय. पण घाटातलं नाय." त्यात राग नसे. एखाद्याची उंची सांगावी, तसं ते सांगत.

आबा गेले त्याला आता काही महिने झाले. लिहायला बसलो की दुसरं काही सुचत नाही, म्हणून माझ्या सायकलच्या शर्यतीचंच लिहितो.

लहानपणी सुट्टीत ते मला ट्रकमधून न्यायचे. येताना केबिनमध्ये मागून हिरव्या केळ्यांचा आणि वाळक्या पानांचा वास यायचा. भरलेली गाडी पहिल्या गिअरात कण्हत घाट चढायची. माथा येण्याच्या थोडं अलीकडं एक वाकण, मोठं वळण, आहे. तिथं कडेला, चढताना उजव्या हाताला, शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड होता. त्या वाकणावर आबांचा हात स्टेअरिंगवरून उठायचा, कपाळाला लागायचा आणि परत जागेवर यायचा. घरी ते कधी देवापुढं बसत नसत. म्हणून तो हात मला फार मोलाचा वाटे. मीही तसं करू लागलो. पुढं मोठेपणी एसटीनं जाताना डुलकी लागलेली असली, तरी त्या वाकणावर माझा हात आपोआप कपाळाला जायचा.

सायकलचा नाद मला कॉलेजात लागला. अंगानं बारीक होतो, सपाट रस्त्यावर धिप्पाड पोरं मला सहज मागं टाकत. चढ आला की मात्र मी हळूहळू पुढं सरकायचो. एका वर्षी आमच्या भागात चार दिवसांची लांब शर्यत झाली. एकंदर शर्यत जिंकण्याची माझी ऐपत नव्हती. पण प्रत्येक घाटाच्या माथ्यावर पहिल्या येणाऱ्यांना गुण मिळत आणि ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, तो घाटाचा राजा. तो किताब मला हवा होता. कुणासाठी हवा होता, हे सांगायला नको. घाटाचा राजा झाल्यावर तरी आबांना मला सपाटीवरचा म्हणता आलं नसतं.

वेरूळचा घाट मी घेतला, कन्नडचा सिल्लोडच्या एका पोरानं घेतला. तो सायकलच्या दुकानात काम करायचा, माझ्याहून वयानं थोडा मोठा आणि तोंडानं फारच मोठा. शेवटच्या दिवशी आमचे गुण सारखे होते. जळगावहून औरंगाबादला यायचं होतं आणि वाटेत एकच घाट उरला होता, अजिंठ्याचा. माथ्यावर जो आधी, तो राजा. मी आबांना आधीच विचारून ठेवलं होतं, "त्या दिवशी घाटात याल का?" ते म्हणाले, "माल असला तर बघू."

फर्दापूर मागं पडलं आणि चढ सुरू झाला. थोड्याच वेळात आम्ही दोघंच पुढं राहिलो. तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून होता.

"मियाँ, किताबाँ पढते बोले तुम," तो मागून म्हणाला. "घाट का सबक पढ्या क्या नै?"

मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो. बोलायला दमच नव्हता. आणखी एक वळण गेलं आणि त्याचंही बोलणं थांबलं. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास मागं पडत होता. मला ते कळलं आणि पायांत नवं बळ आलं. शर्यतीसाठी पोलिसांनी उतरणारे ट्रक वरच थोपवून धरले होते. ड्रायव्हर लोक खाली उतरून, अंगाभोवती चादरी लपेटून बघत उभे होते. शेवटचं वाकण आलं. त्याच्या पुढं सरळ चढ आणि रस्त्यावर चुन्याची रेघ.

तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला शेंदूर दिसला आणि माझा हात हँडलवरून उठून कपाळाला लागला.

उभ्या चढावर, जोर लावलेला असताना, एका हातानं सायकल धरणं जमत नाही. पुढचं चाक वाकडं झालं. मी पडलो नाही, पण जवळजवळ थांबलोच. तो शेजारून गेला. मी पुन्हा जोर धरेपर्यंत त्यानं रेघ ओलांडली होती.

वर तो गवतावर पालथा पडला होता. मी पोचल्यावर मान वर करून म्हणाला, "दुआ नीचे मांगते, मियाँ. उप्पर आके पैडल मारते." मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यानं मला दिलं. अजून पुढं सिल्लोड, फुलंब्री, औरंगाबाद असा सगळा रस्ता बाकी होता. तो रस्ता कसा सरला, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा फेरी करून आले. हातपाय धुतले, चहा घेतला. मी समोर बसलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते मला कळेना.

"वाकणावर पैली गाडी माझीच हुती," ते म्हणाले. "पोलिसानं थांबवली. तू आलास, एवढ्या दमात बी सलाम केलास मला. मी बी केला. बाजूचा ड्रायव्हर म्हनला, कोन हाय हो? म्हनलं, पोरगं हाय माझं."

मी म्हणालो, "आबा, मी तुम्हाला बघितलंच नाही. मी म्हसोबाला हात केला. तुम्ही करता तसा."

"मी? म्हसोबाला?"

"त्या वाकणावर. दर वेळी."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हसायला लागले, इतके की खोकला आला.

"आरं लेका, ते वाकण लई अरुंद. भरलेली गाडी चढावर थांबली की गेली. म्हनून उतरनारा वरच थांबतो, चढनाऱ्याला वाट देतो. त्याला सलाम करायचा असतो, तो बी करतो. म्हसोबा आपला तिथं बसलेला." डोळे पुसत ते म्हणाले, "मला वाटलं, आता घाटातला झाला. तू अजून पुस्तकातलाच."

पुढं शहागंजात ते सगळ्यांना सांगत, पोरानं राजेपण म्हसोबाला वाहिलं. मला घाटाचा राजा कुणी म्हटलं नाही, म्हसोबाचा राजा मात्र बरेच जण म्हणत. पण त्याच रविवारी आबांनी मला बऱ्याच वर्षांनी ट्रकमध्ये शेजारी बसवून नेलं. येताना वाकणाशी वरून उतरणारा एक ट्रक आमच्यासाठी थांबला. आबांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि म्हणाले, "कर आता तू." मी केला. समोरच्या अनोळखी माणसानं कपाळाला हात लावला. किताब मिळाला असता, तर मला ही फेरी मिळाली असती असं वाटत नाही.

आबांना नेलं त्या दिवशी मी विस्तवाचं मडकं धरून पुढं चालत होतो. गारखेड्याच्या रस्त्यावर वळणापाशी समोरून एक भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरनं आम्हाला बघून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. माझ्या एका हातात मडकं होतं. दुसरा हात कपाळाला लागला. मागं कुणीतरी पुटपुटलं, असं करत नसतात. ड्रायव्हरनं वरूनच हात कपाळाला नेला आणि आम्ही सगळे पुढं जाईपर्यंत थांबला.