कोनाला सांगायचा नाय

बोईसरच्या एका खासगी हॉस्पिटलात पेशंटची माहिती सुरक्षित ठेवणं हे माझं काम. पासवर्ड कागदावर लिहून चिकटवणाऱ्या सिस्टरांवर ओरडणं रोजचंच. आपल्या नातेवाइकाची फाइल कोणी उघडायची नाही, हा नियमही मीच केलेला. रिपोर्ट हवा तर पेशंटच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, तो पेशंटने सांगितला तरच उघडणार.

आईची साखर दर महिन्याला तपासायची. ती दांडी गावात एकटी राहायची, सुक्या मासळीचा धंदा गुडघ्यांपायी सोडलेला. मी हॉस्पिटलातून फोन करायचे, "आई, ओटीपीचे आकडे आलेत ना? सांग."

"नाय सांगनार. तूच बोललीस ना, कोनाला सांगायचा नाय?"

"अगं, मी तुझी मुलगी."

"सगले तसंच बोलतात."

आली का पंचाईत? मग सुटल्यावर स्कूटी काढून दांडी गाठायची. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा मागवायचा आणि रेंजची वाट बघत ओट्यावर बसायचं. तेवढ्यात ती बोंबील तळून पुढ्यात ठेवायची. मी धुसफुसतच जेवायचे, पण भाकरी एक जास्तच जायची.

शेवटी वैतागले. फॉर्म आणला आणि तिच्या नंबराच्या जागी माझा टाकला. सही करताना तिने विचारलं, "मंग आता माझ्या फोनवर काय येनार नाय?"

"नाही. तुझी कटकट मिटली," मी म्हटलं. कटकट माझी होती.

रिपोर्ट मिनिटात मिळू लागला. दांडीला जाणं सणासुदीपुरतं उरलं. गेल्या वर्षी आई गेली.

घर आवरत होते तेव्हा गॅसवाला सिलिंडर परत न्यायला आला. म्हणाला, "आजींचा काम एकदम झटपट हां. मी निघायच्या आधीच फोनवर ओटीपी सांगून टाकायच्या. कदी चुकल्या नाय."

म्हणजे नाही म्हणायची ती फक्त मला. त्या ओट्यावर पुन्हा एकदा रेंजची वाट बघत बसायला मी काय वाटेल ते देईन.

परवा हॉस्पिटलच्या कागदपत्रांच्या तपासणीसाठी जुने फॉर्म काढले, त्यात तिचा निघाला. 'ही संमती मी स्वखुशीने देत आहे,' असं छापलेलं, खाली तिची वाकडी सही. कागद नियमात बसत होता. मी पुढे बरोबरची खूण केली.