एका सकाळी मोजलेली बुद्धी

ओल्या तैलरंगाचा उग्र वास मला आजही सोसवत नाही. पोलिस अॅक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, आणि काही दिवसांनी शहागंजाजवळच्या आमच्या शाळेच्या फलकावरील उर्दू अक्षरांवरून निळ्या रंगाचा कुंचला फिरला. तो रंग पुरता वाळण्याआधीच त्यावर पांढरीशुभ्र देवनागरी अक्षरे उमटली. त्या फलकाखालून आत जाताना आम्हा धाकट्यांना केवढा आनंद होत असे! घरात बोलायची भाषा आता पुस्तकातही आली होती. तो आनंद खोटा नव्हता. त्या आनंदाची किंमत आमच्यापैकी कुणाला द्यावी लागणार, हे मात्र तेव्हा कुणी विचारले नाही.

ती द्यावी लागली माझ्या थोरल्या भावाला, दादाला. आमचे आबा सिल्लोडकडचे शेतकरी. जमीन भरपूर, कापूस भरपूर, आणि मुलगा वकील व्हावा ही हौसही भरपूर. म्हणून त्यांनी शहरात बिऱ्हाड केले आणि दादाला पहिल्यापासून उर्दूत शिकवले, कारण तेव्हा कचेरीचा दरवाजा त्याच भाषेने उघडत असे. दादा घरी आमच्यासारखेच बोले, पण त्याचे गणित उर्दूत चाले. त्रिकोणाला तो मुसल्लस म्हणे, गुणाकाराला जर्ब, भागाकाराला तक्सीम. शेजारपाजारचे लोक हिशेबाला त्याला बोलावत आणि तो मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून, क्षणात उत्तर सांगे. देवनागरी मात्र तो अक्षराला अक्षर लावत, ठेचकाळत वाची.

पुढच्या वर्षी पुण्याकडून मानसशास्त्राचे एक विद्वान शाळेत आले. मुलांची बुद्धी वयानुसार कशी वाढते, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी काय करावे? लहानमोठ्या सगळ्या वर्गांना एकाच सकाळी सतरंजीवर बसवले, सर्वांना शुद्ध पुणेरी मराठीतले सारखेच प्रश्न वाटले आणि हातात घड्याळ धरून ते मधून फेऱ्या मारू लागले. मी भराभर लिहिले. दोन रांगा पलीकडे दादा पहिल्याच पानावर बोट ठेवून ओठ हलवत होता.

नंतर त्यांनी आबांना बोलावून एक आलेख दाखवला. रेघ लहान मुलांपाशी चढत होती आणि मोठ्यांपाशी येऊन खाली वाकत होती. या भागातल्या मुलांची बुद्धी लहानपणी झपाट्याने वाढते आणि मिसरूड फुटता फुटता खुंटते, असा त्यांचा निष्कर्ष. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! आम्ही धाकटे मराठीत शिकलो होतो आणि थोरले उर्दूत, एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थांच्या ध्यानात आली नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण हसून म्हणतो. पण अंगण खरोखरच वाकडे असेल तर नाचणाऱ्याने कुणाकडे दाद मागावी?

दादाने ती आबांकडे मागून पाहिली. "आबा, सवाल मला येत व्हते. वाचायलाच येळ लागला."

"मोजलेलं खोटं आस्तंय व्हय?" आबा म्हणाले. "तुझी धाकटी भैन पुढं चाललीय आन् तू थांबलायस. सायबानं कागदावर दावलंय मला. आता उगं शाळेत बसून काय करतूस?"

बाजारात कापूस घालताना काट्याकडे दहादा वाकून पाहणारे, मापाड्याच्या अंगठ्यावरून नजर न हलवणारे आमचे आबा! पोटच्या पोराचे माप मात्र त्यांनी मुकाट्याने मान्य केले. दादाची शाळा सुटली. सिल्लोडला नात्यातल्या एकांच्या कापसाच्या अडत दुकानात त्याला बसवले गेले आणि त्याच्यासाठी ठरलेले कॉलेज माझ्या वाट्याला आले.

मी मानसशास्त्रच घेतले. का घेतले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. माणसातले परिवर्तन पाहण्याचे दोन मार्ग असतात, हे मला तिथे कळले. वेगवेगळ्या वयांची माणसे एका दिवशी शेजारी बसवायची आणि त्यांच्यातल्या अंतराला वाढ म्हणायचे, हा एक. सोपा, स्वस्त आणि लबाड. दुसरा मार्ग म्हणजे त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जायचे. माणूस कसा बदलतो हे पाहायचे असेल तर पाहणाऱ्यालाही त्याच्याबरोबर म्हातारे व्हावे लागते, आणि एवढा धीर किती विद्वानांना असतो? एकच मूल तापात वेगळे असते, उपाशीपोटी वेगळे, आपल्या भाषेत वेगळे. पण सरासरीच्या रेघेवर जे बसत नाही त्याला आमच्या शास्त्रात कित्येक वर्षे चूक असे सरळ नाव होते. माणसाचे माणूसपण ज्या चढउतारात असते, तेच आम्ही वजा करत आलो. मला या शास्त्राचा राग येतो, आणि त्याच्यावरच माझे पोट चालते.

पुढे मी स्वतः शिकवू लागले तेव्हा ते जुने प्रश्न मिळवून, एका जाणत्या मौलवींकडून उर्दूत उतरवून घेतले आणि सिल्लोडला गेले. दादाच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटले होते. मी कागद पुढे ठेवला. त्याने तो सरसर वाचला. कुठेही अडखळला नाही. मान किंचित तिरकी झाली. मग त्याने तो घडी करून माझ्याकडे सरकवला.

"चांगलं लिव्हलंय," तो म्हणाला. "पर बाई, ह्याच्यात मला कमी मिळालं तर त्यो सायब खरा ठरंल. आन् जास्त मिळालं, तर मग मी आजवर हितं कशापायी बसलो, ते मला कोण सांगंल? तू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो बाहेर उभ्या असलेल्या गाडीतला कापूस बघायला उठून गेला. प्रश्न त्याने माझ्याच भाषेत विचारला होता आणि वेळेची काही अट घातली नव्हती. तरी मी तो कोरा कागद पिशवीत घालून निघाले.