अण्णाच्या यादीतल्या दोन किल्ल्या

माधवअण्णा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कोरमंगल्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पहिला विचार आला तो हा, की आता हा माणूस माझी माफी कधीच मागणार नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला ते जमणार नाही.

अण्णा माझा चुलतभाऊ आणि एका लहान कंपनीत माझा वरिष्ठ. आमचं काम सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांच्या सह्या तपासण्याचं. पाठवणारा आपल्या गुप्त किल्लीने विनंतीवर सही करतो, घेणारा पाठवणाऱ्याच्याच जाहीर किल्लीने ती पडताळतो. एक अक्षर बदललं की विनंती परत. अण्णा माणसांनाही तसाच तपासायचा. बनशंकरीच्या घरी जेवताना विचारायचा, "सही जुळली, पण वेळ बघितलीस का रे? कालचीच विनंती कुणी आज परत पाठवली तर?"

एकदा गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून घाईत मी कंपनीची गुप्त किल्ली ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत पुसलीही. अण्णाने ती किल्ली रद्द केली आणि भर मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. "अण्णा, घरचा आहे मी, स्वल्प तरी समजून घे..." "चौघांनी बघितली ना? मग पुसून काय होतं?" एवढंच बोलला. माझी नोकरी गेली. कुणाकुणाची सही मानायची त्या यादीतून माझी स्वतःची किल्लीही त्याने माझ्यासमोर काढली. म्हणाला, "माणूस गेला की त्याच दिवशी काढायची. नियम आहे." त्यानंतर तीन वर्षं मी त्याचा उंबरा चढलो नाही... त्यानेही बोलावलं नाही. खडूस मेला!

तेराव्यानंतर वहिनीचा पुन्हा फोन आला. घरचे सगळे फोटो अण्णाने स्वतः उभारलेल्या सर्व्हरवर होते आणि तो कुणालाच दाद देत नव्हता. अण्णाच्या लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला होता. दोघे जाणकार येऊन हात टेकून गेले होते. "लग्नाचे फोटो पण त्यातच आहेत रे," वहिनी म्हणाली. मी चरफडतच गेलो. काही होणार नाही हे ठाऊक असूनही माझ्या त्या जुन्या किल्लीने सही करून विनंती पाठवली.

फोटो उघडले.

या सर्व्हरची यादी बघितली. दोनच किल्ल्या होत्या, एक त्याची, एक माझी. सर्व्हर गेल्या वर्षी घेतलेला, म्हणजे माझी चुकून राहिली नव्हती, त्याने हाताने घातली होती. माझा राग तिथेच दुप्पट झाला. यंत्राला सांगितलंस, मला सांगायला तोंड नव्हतं का रे?

तो सर्व्हरचा डबा अजून वहिनीकडे टीव्हीखाली आहे, हिरवा दिवा लागलेला. वहिनीची नवी किल्ली मी यादीत घातली. अण्णाची त्याच दिवशी काढायला हवी होती. मी ती काढलेली नाही.